मांडवातली साक्ष आणि दप्तरातली नोंद



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे विद्वान बोलून गेले. आम्ही काही विद्वान नव्हे. सातवी झाली आणि आम्ही मागाच्या खात्यात कामाला लागलो. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, मालकांच्या नोटिसा वाचता वाचता आणि वकिलांकडून मागून आणलेली कायद्याची पुस्तके रात्री चाळता चाळता. चालकांनी विषय विचारला तेव्हा त्यांना वाटले असावे की आम्ही मजुरीवर, नाहीतर बोनसवर बोलू. आम्ही म्हणालो, 'लग्नाच्या नोंदणीवर बोलू.' त्यावर ते जरा हसले. परंतु दिवस लग्नसराईचे आहेत. समोर बसलेल्यांपैकी कित्येक जण आज दुपारी कुठल्यातरी मांडवात जेवूनच इकडे आले असतील. तेव्हा विषय वेळेला धरूनच आहे असे समजावे आणि आमचे चार शब्द ऐकून घ्यावेत.

प्रथम आमच्याच घडलेल्या चुकीची हकीगत सांगतो, कारण या विषयात आम्ही शहाणे झालो ते त्या चुकीमुळे.

आमचा एक सभासद इचलकरंजीजवळच्या एका सूतगिरणीत कामाला होता. २००८ साली तो कामावर लागला तेव्हा आईबाप वारलेले, लग्न झालेले नाही, एक थोरला भाऊ तेवढा होता. प्रॉव्हिडंट फंडाचा फॉर्म आला. त्याला लिहिता-वाचता बेताचेच येई, म्हणून फॉर्म आम्ही भरला. 'वारस कोण लावायचा?' म्हणून विचारले, तो म्हणाला, 'दादाचं नाव घाला.' आम्ही घातले. २०११ साली त्याचे लग्न झाले. शिरोळ तालुक्यातल्या एका खेड्यात देवळापुढे मांडव पडला, दीडदोनशे माणसे जेवली. आम्हीही अक्षता टाकायला होतो. लग्नानंतर फॉर्म बदलायला हवा हे त्याला ठाऊक नव्हते. आम्हांला ठाऊक होते, पण आमच्या लक्षात राहिले नाही.

२०२० च्या डिसेंबरात हा माणूस छातीत कळ येऊन घरीच गेला. वय चाळिशीच्या आत. मागे बायको आणि आठ वर्षांची मुलगी. पंधरवड्याने ती बाई कागदांची पिशवी घेऊन युनियनच्या कचेरीत आली. पिशवीत नवऱ्याचे गिरणीतले ओळखपत्र, मृत्यूचा दाखला आणि मुलीचा जन्मदाखला, एवढेच. लग्नाचा फोटो, पत्रिका, जुने रेशनकार्ड यांतले काही नाही. २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा-कृष्णेचा महापूर आला होता, हे आपल्यापैकी कोणाला सांगायला नको. त्यांच्या घरात आढ्यापर्यंत पाणी होते. पेटीतले कागद लगद्याच्या रूपाने बाहेर आले. लग्न लावणारे गुरवबाबा त्याआधीच वारले होते.

आता यातली मौज पाहा; मौज म्हणायचे तर तोंड कडू होते. त्या वेळी लागू असलेल्या भविष्यनिर्वाह निधीच्या १९५२ च्या योजनेत नियम असा होता की, कुटुंब नसताना परक्याचे किंवा भावाचे नाव लावले असेल आणि मागाहून माणसाला कुटुंब झाले, तर ते जुने नाव आपोआप रद्द ठरते. म्हणजे मांडवात अक्षता पडल्या त्या क्षणी भावाचे नाव गळले. कायदा पूर्णपणे बाईच्या बाजूचा. १९९५ च्या पेन्शन योजनेत विधवेला पेन्शन, मुलाला पेन्शन, सगळे लिहिलेले. पण कायदा बाजूचा असला तरी टेबलामागचा माणूस एकच प्रश्न विचारणार : 'याचे लग्न झाले होते कशावरून?' आणि त्याने तो विचारावाच. नाहीतर उद्या कोणीही उठून विधवा म्हणून उभे राहील. त्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते.

थोरला भाऊ काही दुष्ट माणूस नव्हे. शेतीवर कर्ज होते, पोरीचे लग्न तोंडावर आले होते. फॉर्मवर नाव त्याचे. त्याने लिहून दिले की, भावाच्या लग्नाबद्दल मला खात्रीलायक माहिती नाही. गरज माणसाकडून काय लिहून घेईल याचा नेम नसतो. गावातली जी माणसे मांडवात जेवली होती, ती दोन घरांच्या भांडणात पडायला तयार होईनात. तेव्हा ती बाई आमच्यापुढे बसून जे बोलली ते आम्ही अजून विसरलो नाही. ती म्हणाली, 'आण्णा, समद्या गावानं अक्षता टाकल्या, आन् आता साक्षीला एक मानूस न्हाई व्हय?'

शेवटी ते लग्न कशाने शाबित झाले? आहेराच्या वहीने. बाईच्या मामाचे घर डोंगराकडच्या गावात, तिथे पाणी चढले नव्हते. मामाने भाचीच्या लग्नात आहेर लिहून घेतला होता. लाल पुठ्ठ्याची वही, पहिल्या पानावर वधूवरांची नावे, तिथी आणि तारीख. आणि खाली ओळीने कोणी किती रुपये, कोणी पातेले, कोणी लुगडे. त्यात थोरल्या भावाच्या सासुरवाडीचा आहेर लिहिलेला होता. आमचेही नाव होते, एकशे एक रुपये. ती वही, मुलीच्या जन्मदाखल्यावरचे बापाचे नाव, शाळेचा दाखला आणि दोन वाजंत्र्यांची साक्ष, एवढ्यावर कोर्टातून वारसाचा कागद मिळाला. त्याला दोन वर्षांच्या वर वेळ गेला. तेवढा काळ ती बाई दिवसाला कांड्या भरत होती आणि कोर्टाच्या तारखेदिवशी मजुरी बुडवून आमच्याबरोबर येत होती. मधल्या काळात मुलीची शाळा एक वर्ष सुटली, ती मामाकडे गुरांमागे राहिली. ते वर्ष कोणत्याही कोर्टाने भरून दिले नाही.

सभ्य गृहस्थहो, या वहीचा आपण सर्वांनी जरा विचार करावा. आपल्या लोकांना लिहून ठेवायचे वावडे आहे असे नाही. लग्न ठरते तेव्हा याद्या होतात. देण्याघेण्याची बोली कागदावर उतरते, दोन्हीकडची वडील मंडळी त्यावर सह्या करतात. आहेराची वही वीस-वीस, तीस-तीस वर्षे जपली जाते, कारण ज्याने आपल्याला पाच भांडी दिली त्याच्या घरी उद्या तेवढीच न्यायची असतात. गुंठाभर जमीन घ्यायची तर सातबारा पाहतो, फेरफार पाहतो, दुय्यम निबंधकाकडे जाऊन अंगठे उठवतो. म्हणजे भांड्याची नोंद आहे, गुंठ्याची नोंद आहे. आणि ज्या एका गोष्टीवर बाईचे नाव, घर, म्हातारपण आणि लेकरांचा हक्क उभा आहे, तिची नोंद मात्र 'होईल पुढेमागे' म्हणून राहून जाते.

काही वडील मंडळी म्हणतात, 'लग्न देवाब्राह्मणांच्या साक्षीने होते, तिथे सरकारचे काय काम?' या म्हणण्याचा आम्ही अवमान करत नाही. उलट आमचे म्हणणे असे की, साक्षीचे महत्त्व आपल्या रूढीने आधीच ओळखले आहे. अंतरपाट दूर होतो तो चारचौघांपुढे. अक्षता सगळ्यांच्या हातात देतात, त्या उगाच नव्हेत; ज्याने अक्षता टाकली तो साक्षीदार झाला. पूर्वी माणूस जन्मला त्याच गावात मरत असे, सारे गाव त्याला ओळखत असे, तेव्हा ही साक्ष पुरत होती. आज आमचा कामगार सोलापूरहून, कर्नाटकातून, बिहारमधून येतो. लग्न एका गावी, नोकरी दुसऱ्या गावी, मरण तिसऱ्याच ठिकाणी. मांडवातली साक्ष मांडवाबरोबर उठते, म्हणून दप्तरातली साक्ष हवी.

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे लवकर पटेल. कोकणातून, साताऱ्याहून, आमच्या घाटावरून पुरुष मुंबईला जात, एका खोलीत दहा-पंधरा जण पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत, बायकोपोरे गावी. गिरणीच्या रजिस्टरात त्या बायकोचा मागमूस नसे. १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या बंद पडल्या, आणि कैक वर्षांनी गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघू लागली. तोवर कितीतरी कामगार देवाघरी गेलेले. मग त्यांच्या वारसांना, गावाकडच्या म्हाताऱ्यांना, 'मी त्याची बायको' हे कागदावर दाखवत फिरणे आले. ज्या बाईने सारा जन्म मनिऑर्डरीची वाट पाहत काढला, तिच्यावर उतारवयात ही पाळी यावी, ही लाजेची गोष्ट आहे.

आता ही नोंदणी काही परवाची नवलाई आहे असेही नव्हे. इंग्लंडात अठराव्या शतकात लंडनच्या फ्लीट तुरुंगाच्या आसपास पैसे घेऊन चोरून लग्ने लावून देणारे पाद्री बसत. त्यातून इतके घोटाळे झाले की १७५३ साली कायदा करून लग्न चर्चच्या वहीत साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहिले पाहिजे असे ठरवावे लागले. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात, १७९२ साली, जन्म, लग्न आणि मृत्यू यांच्या वह्या धर्मगुरूंकडून काढून गावच्या नगरसभेकडे दिल्या गेल्या. शेजारच्या गोव्याचेच पाहा. तेथे पोर्तुगिजांचा १८६७ चा दिवाणी कायदा पुढे लागू झाला. हिंदू असो, ख्रिस्ती असो की मुसलमान, लग्नाची सरकारी वहीत सही हा तेथील लोकांच्या अंगवळणी पडलेला रिवाज आहे. त्याने गोव्यातल्या लग्नाचा थाट कमी झाल्याचे कोणी ऐकलेले नाही.

आणि महाराष्ट्राने तरी कमी काय केले? मुंबई राज्यात लग्ननोंदणीचा कायदा १९५३ साली झाला, म्हणजे १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्याही दोन वर्षे आधी. पुढे १९९८ चा महाराष्ट्राचा कायदा आला. त्याप्रमाणे लग्न झाल्यापासून नव्वद दिवसांत ज्ञापन भरून द्यायचे. त्यावर वधूवरांच्या आणि तीन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. मुदत टळली तरी दार बंद होत नाही. विलंबाचे शुल्क भरून नोंद करता येते. हा कायदा सर्व धर्मांच्या लोकांना सारखाच. १९९३ साली आपल्या सरकारने स्त्रियांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर मान्यतेची मोहोर उठवली, तेव्हा असे कळवले होते की सक्तीची नोंदणी तत्त्वतः मान्य, पण एवढ्या मोठ्या देशात व्यवहारात जमणारी नाही. २००६ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना सांगितले की, धर्म कोणताही असो, लग्नाची नोंद सक्तीची करा. २०१७ साली विधी आयोगानेही आपल्या २७० व्या अहवालात तीच शिफारस केली. म्हणजे कायदा आहे, न्यायालयाची आज्ञा आहे. कमी आहे ती आपल्या पायांची. कचेरीची पायरी चढायला आपण तयार नसतो.

येथे दोन गोष्टींचा उलगडा केला पाहिजे, कारण त्याबाबत गैरसमज फार आहेत.

पहिली गोष्ट : नोंद नाही म्हणून लग्न खोटे ठरत नाही. हे आम्ही मुद्दाम मोठ्याने सांगतो, कारण काही नवरे आणि काही दीर बायकांना भीती घालतात की, 'तुझ्या लग्नाचा कागद नाही, तू कोण लागतेस?' हिंदू विवाह कायद्यातच स्पष्ट लिहिले आहे की नोंद राहिली म्हणून लग्नाच्या खरेपणाला बाध येत नाही. ज्या भगिनीपाशी दाखला नाही तिने घाबरू नये. रेशनकार्ड, मतदारयादी, मुलांचे दाखले, फोटो, पत्रिका, शेजाऱ्यांची साक्ष, यांनीही लग्न शाबित होते. आमच्या प्रकरणात आहेराच्या वहीने ते केले. फक्त वाट लांबची आणि काट्याकुट्याची. दाखला असता तर दोन वर्षांचे काम दोन महिन्यांत झाले असते.

दुसरी गोष्ट याच्या उलट : नुसता कागद म्हणजेही लग्न नव्हे. परदेशी जायचे आहे, कागदपत्रांसाठी घाई आहे, म्हणून विधी न करताच दाखला काढून ठेवायचा, असे अलीकडे काही जण करतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, हिंदू विवाह कायद्याखाली विधी झालेच नसतील तर नुसत्या दाखल्याने लग्न होत नाही. ज्यांना विधी नको आहेत त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. त्यात तीस दिवसांची नोटीस देऊन, तीन साक्षीदारांपुढे लग्नच सरकारी अधिकाऱ्यासमोर होते. तेव्हा नोंदणी ही लग्नाच्या जागी बसणारी गोष्ट नाही. झालेल्या लग्नाची ती पक्की आठवण आहे.

या आठवणीचा बायकांना किती उपयोग, हे एका निकालावरून कळेल. आपल्या महाराष्ट्रातलेच प्रकरण, १९६५ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. एका गृहस्थाने पहिली बायको हयात असता १९६२ साली दुसरे लग्न केले. द्विभार्येबद्दल त्याला खालच्या कोर्टात शिक्षा झाली. पण वर जाऊन तो सुटला. कारण त्या दुसऱ्या लग्नात आवश्यक ते विधी झाल्याचे शाबित झाले नाही, म्हणून कायद्याच्या दृष्टीने ते लग्नच नव्हे असे ठरले. पाहा, दोन्ही बायांच्या पदरात काय पडले? पहिलीला न्याय नाही आणि दुसरीला नवरा नाही. जिथे लग्न झाले की नाही हेच धूसर, तिथे पुरुष सुटतो आणि बाई अडकते. नोंदणीच्या ज्ञापनात वराला आपण अविवाहित, विधुर की घटस्फोटित हे लिहून द्यावे लागते, वय लिहावे लागते. मुलगी अठराची आणि मुलगा एकवीसचा आहे की नाही, हे तिथे दिसते. म्हणून ज्या लग्नाची नोंद करायला वरपक्ष टाळाटाळ करतो, त्या लग्नाबद्दल मुलीच्या बापाने दोनदा विचार करावा. हुंड्याच्या यादीला वेळ मिळतो, मग दाखल्याला का मिळू नये?

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलते. माहेरच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, सासरच्या आधारकार्डावर दुसरे, बँकेत तिसरे. नवरा असेतोवर याचे कोणाला काही वाटत नाही. तो गेला की प्रत्येक खिडकीवर 'ही बाई ती नव्हे' असे उत्तर मिळते. माहेरचे नाव आणि सासरचे नाव यांना जोडणारा सरळ कागद एकच, तो म्हणजे लग्नाचा दाखला.

आता कामगारांची बाजू आम्ही मांडली नाही तर आम्ही युनियनचे कसले? लोक नोंदणी करत नाहीत यात दोष लोकांचाच, असे म्हणून हात झटकता येणार नाही. तीन साक्षीदार न्यायचे म्हणजे नवराबायकोसह पाच माणसांची मजुरी बुडते. कागद एक कमी म्हणून परत पाठवले की पुन्हा पाच मजुऱ्या. 'एजंटाकडून या' असे सुचवणारेही भेटतात. ऊसतोडीला सहा महिने परमुलखात जाणाऱ्या जोडप्याचे नव्वद दिवस फडातच संपतात. म्हणून आमची मागणी अशी की, लग्नसराईत नोंदणीची माणसे वस्तीवर, कारखान्याच्या दाराशी, सामुदायिक विवाहाच्या मांडवात यावीत. कोणते कागद लागतात त्याचा मराठीत फलक कचेरीबाहेर असावा. आणि एक खेप झाली की काम व्हावे.

पण मागणी करून आम्ही स्वस्थ बसलो नाही. त्या प्रकरणानंतर आमच्या युनियनने सभासदाच्या अर्जात एक रकाना वाढवला : लग्न झाले आहे काय, नोंद झाली आहे काय, आणि फंडावर वारस कोण आहे? कोणा सभासदाची पत्रिका आली की आमचा कार्यकर्ता आहेराबरोबर नोंदणीचा कोरा फॉर्मही घेऊन जातो. सुरुवातीला लोक हसले. आता मांडवातच तीन साक्षीदार ठरवून मोकळे होतात. दाखला मिळाला की त्याच आठवड्यात फंडाचे वारसपत्र बदलायचे, हा दुसरा नियम. कारण आमची खरी चूक तिथे झाली होती.

शेवटी आमच्या घरची एक गोष्ट सांगून पुरे करतो. हे सारे आम्ही वस्तीवस्तीतून सांगत फिरत होतो. एका रात्री सभेवरून घरी आलो. जेवताना आमच्या मंडळींनी विचारले, 'अहो, साऱ्या गावाला कागद काढायला सांगताय, आपला कुठं हाय?' आमचा घास हातातच राहिला. आमचे लग्न २००० सालचे. बावीस वर्षे झाली होती आणि कायदा सांगणाऱ्या माणसाच्या घरात दाखला नव्हता. दुसऱ्या दिवशी शोधाशोध केली. पत्रिका सापडली, तिला कसर लागली होती. लग्नात हजर असलेल्या मंडळींपैकी कितीजण उरले ते मोजू लागलो तेव्हा मन चरकले. तीन साक्षीदार मिळाले, त्यांतला एक काठी टेकत आला. विलंबाचे शुल्क भरले, रजिस्टरात सह्या केल्या. आमच्या मंडळींनी सही करताना माहेरचे नाव आधी मोठ्याने वाचले आणि मग सासरचे. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, 'आता पूर आला तरी चालंल.'

तेव्हा बंधुभगिनींनो, आपणांकडे आमचे मागणे एवढेच. आज घरी गेल्यावर कपाट उघडावे आणि आपला दाखला आहे की नाही ते पाहावे. असेल तर त्याची एक नक्कल दुसऱ्या घरी, माहेरी किंवा मुलाकडे ठेवावी. नसेल तर लग्नातले तीन माणूस अजून हयात आहेत तोवर कचेरी गाठावी. आणि या लग्नसराईत ज्या मांडवात जाल, तिथे आहेर लिहिणाऱ्याच्या शेजारी बसून यजमानांना हळूच विचारावे, 'नोंदणीचं काय केलंत?' एवढे केलेत तर आमची सातवीची विद्या कामी आली असे आम्ही समजू.